स्कूटरमधील पट्टाप्रेषण

एंजिनाची शक्ती रबरी पट्टा आणि कार्यकारी व्यास बदलू शकणाऱ्या दोन कप्प्या अर्थात पुल्या यांच्या साह्याने मागील चाकाकडे नेणारी व वेग आणि भार यांनुसार गतिगुणोत्तर आपोआप बदलणारी यंत्रणा. हिच्यामुळे चालकाला हाताने गिअर बदलावा लागत नाही व क्लचची तरफ दाबावी लागत नाही. या वाहनाला व्यवहारात ‘बिनगिअरची स्कूटर’ म्हणतात. पण त्यात गिअर नसतो असे नव्हे. दोन मर्यादांमधील कोणतेही गुणोत्तर त्यात मिळू शकते, म्हणून गिअर तीन-चार नसून असंख्य असतात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. हीच यंत्रणा बर्फावर चालणाऱ्या हिमवाहनांत आणि काही शेतयंत्रांतही वापरली जाते.

हे प्रेषण बंद आवरणात असते व त्यातील बिघाड बाहेरून दिसत नाही. त्यामुळे जुनी स्कूटर चढावर मागे पडू लागली की, दोष बहुधा एंजिनाच्या माथी मारला जातो. दट्ट्या व सिलिंडर बदलले जातात, कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडला जातो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तुटलेला पट्टा बदलून आवरण लगेच बंद करणे. पट्टा हा या यंत्रणेतील सर्वांत मऊ भाग असल्याने इतर भागांतील दोष त्याच्यावर उमटतात. मूळ दोष तसाच राहिला, तर नवा पट्टाही काही महिन्यांत त्याच वाटेने जातो.

इतिहास : दुभागलेल्या कप्पीच्या दोन बाजू जवळ-दूर करून गुणोत्तर बदलण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांतील यंत्रांत आढळते. मोटारगाडीत तिचा यशस्वी वापर नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने केला. हूब व्हान डोर्ने यांच्या रचनेची ‘डाफ ६००’ ही छोटी गाडी १९५८ मध्ये लोकांपुढे आली. कॅनडात जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचे ‘स्की-डू’ हे हलके हिमवाहन १९५९ मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर पट्टाप्रेषण हे हिमवाहनाचे जणू लक्षणच झाले.

भारतात स्कूटर म्हणजे डाव्या मुठीने गिअर बदलण्याची स्कूटर, असे समीकरण दीर्घकाळ होते. बजाज ‘चेतक’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये ‘लूना’ ही गिअर न बदलावी लागणारी मोपेड आणली. ह. के. फिरोदिया यांच्या या कंपनीने पुढे १९८४ मध्ये जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी केली व त्यातून ‘कायनेटिक होंडा’ ही ९८ घ. सेंमी. क्षमतेची, दोन धावांच्या एंजिनाची, बटणाने सुरू होणारी आणि पट्टाप्रेषण असलेली स्कूटर तयार झाली. तिचा कारखाना मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होता. होंडा १९९८ मध्ये या भागीदारीतून बाहेर पडली आणि कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय २००८ मध्ये महिंद्र उद्योगसमूहाकडे गेला. दरम्यान २००१ मध्ये होंडाची ‘ॲक्टिव्हा’ बाजारात आली आणि पट्टाप्रेषण हीच पेट्रोलवर चालणाऱ्या भारतीय स्कूटरची सर्वसाधारण रचना बनली.

कोथरूड हे पुण्याचे पश्चिमेकडील उपनगर याच काळात झपाट्याने वाढले. कर्वे रस्ता व पौड रस्ता यांच्या आसपासच्या वसाहतींतून नोकरीसाठी शहरात जाणाऱ्या स्त्री-पुरुषांना ही स्कूटर सोयीची वाटली; साडी नेसून चालविता येणारे वाहन म्हणून स्त्रियांनी तिचा विशेष स्वीकार केला. वाहनांची चाचणी व प्रमाणन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्थाही कोथरूडमध्येच, वेताळ टेकडीवर आहे. त्या काळातील काही स्कूटर अद्याप घराघरांत जपलेल्या आढळतात. त्यांच्या दृष्टीने कोथरूडचा भूभाग मात्र सोपा नाही. पौड रस्ता चांदणी चौकाकडे चढत जातो व संशोधन संस्थेकडे जाणारा रस्ता टेकडी चढतो. सपाट रस्त्यावर निभावून जाणारा प्रेषणातील दोष अशा ठिकाणी उघडा पडतो.

रचना व कार्य : पुढील कप्पी एंजिनाच्या भुजादंडावर बसविलेली असते. तिची एक बाजू स्थिर असून तिच्या पाठीवर आवरणात हवा खेळविणारी पाती असतात. दुसरी बाजू दंडावर सरकू शकते व तिच्या मागे तिरप्या खोबणींत बहुधा सहा लहान रोलर असतात. एंजिनाचा वेग वाढला की, केंद्रोत्सारी प्रेरणेने रोलर बाहेर फेकले जातात आणि सरकती बाजू स्थिर बाजूकडे ढकलली जाते. त्यामुळे पाचरीच्या आकाराचा पट्टा दोन्ही बाजूंच्या चिमटीत सापडून परिघाकडे चढतो. पट्ट्याची लांबी ठराविक असल्याने मागील कप्पीत तो त्याच प्रमाणात आत ओढला जातो व तिच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर होतात. अशा रीतीने गुणोत्तर सुरुवातीच्या सु. २·५ वरून ०·८ च्या आसपासपर्यंत सलग बदलत जाते. म्हणजे प्रारंभी मागील कप्पीच्या एका फेऱ्यासाठी एंजिनाला अडीच फेरे करावे लागतात, तर पूर्ण वेगात एका फेऱ्याहूनही कमी पुरतो.

मागील कप्पीत एक मोठी दाबाची स्प्रिंग असते व तिच्या जोडीला तिरप्या खाचा आणि त्यांत सरकणाऱ्या खुंट्या असतात. या खाचांचे कार्य पुष्कळांना ठाऊक नसते. चढावर चाकाला विरोध वाढला म्हणजे मागील कप्पीची सरकती बाजू स्थिर बाजूच्या संदर्भात थोडी पिळली जाते. खाच तिरपी असल्याने हा पीळ सरकत्या बाजूला आत दाबतो, पट्टा परिघाकडे ढकलला जातो व गाडी आपोआप खालच्या गुणोत्तरात येते. थोडक्यात, पुढील कप्पी एंजिनाचा वेग पाहून गुणोत्तर वर नेते आणि मागील कप्पी रस्त्यावरील भार पाहून ते खाली आणते. या दोघींच्या ओढाताणीत पट्ट्याची जागा ठरते.

मागील कप्पीला जोडून केंद्रोत्सारी क्लच असतो. त्यात घर्षणकारी अस्तर लावलेल्या बहुधा तीन पादुका असून मेकॅनिक त्यांना ‘क्लच शू’ म्हणतात. एंजिन मंदगतीने चालू असताना लहान स्प्रिंगा या पादुकांना आत धरून ठेवतात. वेग पुरेसा वाढला (बहुतेक स्कूटरांत एंजिनाचे मिनिटाला सु. २,५०० ते ३,५०० फेरे) की, पादुका बाहेर फाकून भोवतीच्या वाटीसारख्या ड्रमला घट्ट लागतात व ड्रमकडून दंतचक्रांच्या जोडीमार्फत चाक फिरते. म्हणून गाडी सिग्नलला उभी असतानाही पट्टा फिरतच असतो; थांबलेला असतो तो फक्त ड्रम.

दोषांचे निदान : आवरण उघडण्यापूर्वी दोन गोष्टींची तुलना करावी लागते : एंजिनाच्या फेऱ्यांचा वेग आणि वाहनाचा वेग. जुन्या स्कूटरांत फेरे मोजणारे उपकरण नसते. पण आपल्या गाडीचा आवाज चालकाच्या कानाला परिचित असतो व तेवढा पुरतो. तत्पूर्वी चाकातील हवा, चाक धरून ठेवणारा ब्रेक, कोंडलेला हवेचा गाळा आणि दोन धावांच्या एंजिनात काजळीने बुजणारा सायलेन्सर ही साधी कारणे तपासून बाजूला ठेवणे इष्ट असते.

एंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही, तेव्हा कोठेतरी घसरण होत आहे हे निश्चित. ती पट्ट्यात आहे की क्लचमध्ये, हे घसरण केव्हा होते यावरून कळते. जागेवरून निघताना आवाज चढून मग गाडी हळूहळू पकड घेत असेल व एकदा वेग घेतल्यावर तक्रार राहत नसेल, तर पादुकांची अस्तरे झिजलेली किंवा काचेसारखी गुळगुळीत झालेली असतात. उलट, गाडी नीट निघते परंतु मध्यम वेगात, चढावर, मागे माणूस बसलेला असताना आवाज एकदम मोकळा होतो, तेव्हा पट्टा घसरत असतो. वासही मदत करतो : पट्ट्याचा वास जळक्या रबराचा, तर अस्तराचा वास घाटात तापलेल्या ब्रेकसारखा असतो. घसरण ही केवळ गैरसोय नसते. समजा, एंजिन ५ किलोवॉट शक्ती देत आहे व तिचा दहावा हिस्सा घसरणीत वाया जात आहे, तर बंद आवरणात ५०० वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे जणू एक लहान विजेची इस्त्री पट्ट्याला लावून ठेवलेली असते. एका लांब चढावर पट्टा निकामी व्हायला एवढे पुरते.

दुसरा प्रकार याच्या उलट असतो. निघताना एंजिन दबून चालते, फेरे वाढत नाहीत, गाडी वरच्या गिअरमध्ये सुरू केल्यासारखी जड निघते. पण सपाट रस्त्यावर एकदा वेग आला की, कमाल वेग पूर्वीइतकाच मिळतो. हे लक्षण एंजिनाच्या अशक्तपणाचे नाही, कारण अशक्त एंजिन सगळीकडेच अशक्त असते. येथे पट्टा खालच्या गुणोत्तरात परत येत नसतो. पुढील कप्पीची सरकती बाजू मळामुळे किंवा झिजलेल्या बुशमुळे अडकलेली असते, अथवा मागील स्प्रिंग ढिली वा तुटलेली असते. निघताना तक्रार नाही, पण चालत्या गाडीसमोर चढ आला की एंजिन दबून जाते, असे असेल तर मागील कप्पीच्या तिरप्या खाचा पाहाव्यात. त्यांतील ग्रीज वाळले वा खुंट्यांनी खाचांत खळगे पाडले की, भारानुसार गुणोत्तर उतरविण्याचे काम बंद पडते. हाच तो दोष, ज्यासाठी सिलिंडरला विनाकारण बोअर केले जाते.

तिसऱ्या प्रकारात निघणे ठीक, चढणे ठीक, परंतु सपाट रस्त्यावर एंजिन ओरडत राहते व वेग विशिष्ट मर्यादेपुढे जात नाही. पुढील कप्पी पूर्ण मिटत नाही, हे याचे कारण. रोलरांना सपाट चट्टे पडलेले असले की, ते खोबणीत गरगरण्याऐवजी घसटत जातात व मध्येच थांबतात. काही वेळा आधीच्या दुरुस्तीत हलक्या वजनाचे रोलर बसविलेले असतात. हलक्या रोलरांना तेवढीच प्रेरणा निर्माण करण्यास अधिक फेरे लागतात, म्हणून गुणोत्तर उशिरा बदलते. जड रोलरांनी ते लवकर बदलते व एंजिन दबते. ‘पिकअप’ वाढविण्यासाठी रोलर हलके करण्याची युक्ती प्रचलित आहे. तिच्यामुळे निघण्यातील जोर थोडा वाढतो हे खरे. मात्र एंजिन सदैव चढ्या फेऱ्यांवर राहून पेट्रोल अधिक लागते. शिवाय झिजलेल्या पट्ट्यामुळे गेलेला जोर या युक्तीने परत येत नाही, फक्त झाकला जातो.

पुढील कप्पी कोठपर्यंत मिटते, हे पाहण्याची एक बिनखर्चाची चाचणी आहे. आवरण काढून कप्पीच्या आतील उतरत्या पृष्ठभागावर केंद्रापासून परिघापर्यंत जाड शाईच्या लेखणीने सरळ रेघ ओढतात, आवरण पुन्हा लावून गाडी मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगाने नेऊन आणतात व पुन्हा उघडून पाहतात. पट्टा जेथपर्यंत पोहोचला तेथपर्यंत रेघ पुसलेली असते. परिघाजवळ ती बरीचशी शिल्लक राहिली असेल, तर कप्पी मिटत नाही हे सिद्ध होते. पातळ, अर्धवट पुसलेला ठिगळासारखा भाग दिसल्यास कप्पीचा पृष्ठभाग असमान झिजलेला असतो.

निघताना गाडी थरथरणे हा क्लचचा दोष होय. पादुकांवर साचलेली धूळ, अस्तरांची असमान झीज, ड्रमचा बिघडलेला गोलपणा किंवा तेलाचा डाग यांपैकी काहीतरी कारण असते. एंजिन ज्या रबरी बुशांवर टांगलेले असते ते सैल झाल्यानेही असेच धक्के बसतात, हे लक्षात न घेता पादुकांचा नवा संच बसविल्यास पदरी निराशा येते. मूठ सोडलेली असतानाही गाडी पुढे सरकत असेल, तर पादुकांच्या लहान स्प्रिंगा ताणलेल्या असतात किंवा एंजिनाची मंदगती अधिक ठेवलेली असते. दोन धावांच्या एंजिनात येथे एक गुंतागुंत संभवते. भुजादंडाच्या पट्ट्याकडील बाजूचे तेलरोधक सील खराब झाल्यास एंजिन तेथून हवा ओढते, मिश्रण विरळ होऊन मंदगती आपोआप वाढते आणि गाडी उभ्या जागी सरकू लागते; त्याच सीलमधून बाहेर आलेल्या तेलकट वाफेने पट्टा ओशट होऊन घसरतो. दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ अशा वेळी एका स्वस्त सीलमध्ये असते.

पट्टा : पट्टा रबरी मिश्रणाचा असून त्याच्या पोटात ताण सहन करणारे तंतूंचे दोर असतात. आतील बाजूस दाते असतात ते पकडीसाठी नसून लहान व्यासाभोवती सहज वाकता यावे यासाठी असतात. शक्ती नेली जाते ती पट्ट्याच्या दोन तिरप्या कडांच्या घर्षणाने [⟶ घर्षण]. त्यामुळे पट्ट्याची रुंदी हेच त्याच्या आरोग्याचे खरे माप होय. भेगा नाहीत म्हणून पट्टा चांगला, हा समज बरोबर नाही.

रुंदीतील थोड्याशा घटीचा परिणाम एवढा मोठा का होतो, हे भूमितीवरून समजते. कप्पीच्या खोबणीचा एकूण कोन २८° च्या आसपास असल्यास मध्यरेषेपासून प्रत्येक बाजू १४° नी झुकलेली असते. अशा खोबणीत पट्टा १ मिमी. अरुंद झाला, तर तो केंद्राकडे सु. २ मिमी. खाली बसतो. पूर्ण वेगात पुढील कप्पी मिटलेली असता पट्टा पूर्वीपेक्षा २ मिमी. खाली राहतो, म्हणून कमाल वेग घटतो. निघताना मागील कप्पी मिटलेली असते व तेथेही पट्टा २ मिमी. खाली बसतो, म्हणून सुरुवातीचा जोर घटतो. एकाच झिजेने दोन्ही टोके मारली जातात आणि मालकाला एंजिन म्हातारे झाल्यासारखे वाटते. निर्माते झिजेची मर्यादा पुस्तिकेत देतात. ती बहुधा मूळ रुंदीपेक्षा एक-दीड मिमी. च कमी असते. मोजमाप व्हर्नियर कॅलिपरने, पट्ट्याच्या तीन-चार ठिकाणी घ्यावे लागते. एकाच ठिकाणी रुंदी कमी आढळली, तर पट्टा जागच्या जागी घासला गेला, असे समजावे.

कडांचा चकचकीतपणा घसरण व उष्णता दर्शवितो. एकच कड अधिक झिजलेली असल्यास कप्पीची सरकती बाजू डुगडुगत असते. कडेचे दोरे सुटू लागणे हे कप्पीच्या धारेवरील खरवडीचे किंवा तेथे पडलेल्या पायरीचे चिन्ह असते. ही पायरी डोळ्याला दिसत नाही, पण नख फिरविल्यास अडते. दात्यांच्या मुळाशी आडव्या भेगा वयोमानाने पडतात. पुष्कळ स्कूटरांसाठी पट्टा सु. २०,००० ते २५,००० किमी. नंतर बदलण्याची शिफारस असते; तथापि वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला हा हिशेब लागू पडत नाही. तिचा पट्टा कमी धावलेला असला तरी रबर कठीण झालेले असते व कप्प्यांभोवतीचा बाक त्यात कायमचा बसलेला असतो. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना पट्टा न बदलणे धोक्याचे ठरते, कारण तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे कप्पीत वा क्लचमध्ये अडकून मागील चाक धरले जाऊ शकते. पावसाळ्यात आवरणात पाणी शिरल्याने होणारी घसरण मात्र तात्पुरती असते व भाग वाळल्यावर जाते; ती वारंवार होत असल्यास आवरणाचे गॅस्केट व हवेच्या नळीचे तोंड पाहावे.

हिमवाहनांतील फरक : हिमवाहनात स्वतंत्र पादुकांचा क्लच नसतो. एंजिन मंद असताना पुढील कप्पी उघडी असते व पट्टा तिच्यात सैल पडलेला असतो. वेग वाढल्यावर कप्पी मिटून पट्ट्याला पकडते, म्हणजे पुढील कप्पीच क्लचचे काम करते. यामुळे पट्ट्याच्या सैलपणाला तेथे फार महत्त्व असते. पट्टा घट्ट असेल तर वाहन उभ्या जागी सरकते, सैल असेल तर ते झटका देऊन निघते. स्कूटरमध्ये दोन्ही कप्प्या एकाच ओतीव आवरणात असल्याने त्यांची एकरेषा सहसा बिघडत नाही. हिमवाहनात एंजिन रबरी आधारांवर आणि मागील कप्पी चौकटीवर असते. जुन्या वाहनांत आधार खचले की, दोन कप्प्यांमधील अंतर व एकरेषा दोन्ही बदलतात आणि पट्ट्यामागून पट्टे जळतात. कडक थंडीत ताठर झालेला पट्टा भार देण्यापूर्वी काही मिनिटे फिरवून मऊ करावा लागतो, व जादा पट्टा वाहनातच ठेवण्याची पद्धत आहे. भारतात गुलमर्गसारख्या ठिकाणी व सियाचीन हिमनदीवर सैनिकी कामासाठी ही वाहने वापरात आहेत.

जोडणी व दक्षता : पट्टा बदलताना सर्वाधिक नुकसान होते ते जोडणीतील एका चुकीने. पुढील कप्पीचा नट आवळताना पट्टा तिच्या दोन बाजूंमध्ये चिमटला गेला, तर नट घट्ट बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात स्थिर बाजू दंडाच्या खांद्याला टेकलेली नसते. गाडी चालू लागली की, पट्टा सरकतो, नट सैल होतो व कप्पीचे तसेच भुजादंडाचे आतील दाते सोलून निघतात. दुरुस्ती मग पट्ट्याची न राहता एंजिन उघडण्याची होते. हे टाळण्यासाठी प्रथम मागील कप्पीच्या बाजू हाताने फाकवून पट्टा तिच्यात खोल दाबतात. त्यामुळे पुढे पुरेसा सैलपणा मिळतो व नट आवळेपर्यंत पट्टा कप्पीच्या तळाशी मोकळा राहतो. पट्ट्यावर दिशादर्शक बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवतात. कप्पी धरण्यासाठी योग्य पकड वापरावी. पात्यांत पेचकस अडकवून कप्पी धरण्याच्या सवयीमुळे पाती मोडतात आणि थंड हवेचा पुरवठा कमी होऊन पुढचा पट्टा लवकर जळतो.

कप्पीचे पृष्ठभाग पूर्णपणे कोरडे व तेलविरहित असावे लागतात. पट्टा करकरतो म्हणून त्यावर राळ, पावडर किंवा ग्रीज लावण्याचे प्रयोग हानिकारक होत. नवा पट्टा बसविण्यापूर्वी तो साबणाच्या पाण्याने पुसून वाळविणे चांगले. मागील कप्पीच्या खाचांना ग्रीज लागते, पण ते माफक. जादा ग्रीज उष्णतेने पातळ होऊन थेट पट्ट्यावर येते. रोलरांना काही जुन्या रचनांत ग्रीज असते व काहींत ते कोरडे ठेवायचे असतात. येथे अंदाज न करता त्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. रोलर नेहमी पूर्ण संचानेच बदलावे लागतात, कारण एखादा जुना रोलर वजनाने कमी झालेला असला तरी सरकती बाजू तिरपी ढकलली जाते.

गाडी स्टँडवर घेऊन, आवरण उघडे ठेवून एंजिन चालविण्याची पद्धत धोकादायक आहे. मोकळा पट्टा व कप्प्या दिसायला संथ वाटतात, परंतु पदर, ओढणी, सैल बाही किंवा बोट त्यात क्षणात ओढले जाते. जुन्या पादुकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने आवरणातील काळी धूळ तोंडाने किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून फडके टाकून द्यावे.

जुन्या गाड्यांचे भाग : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी स्कूटरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते व पुढे दर वेळी ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण तपासणीनंतर करून घ्यावे लागते. उत्पादन बंद झालेल्या स्कूटरच्या बाबतीत अडचण येते ती भागांची. पट्टे, रोलर व पादुका हे झिजणारे भाग इतर निर्मात्यांकडून तयार होत असल्याने तुलनेने मिळतात. पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. कप्प्यांच्या स्थिर-सरकत्या बाजू व मागील कप्पीच्या तिरप्या खाचांची नळी मात्र मिळणे कठीण जाते आणि त्या वेळी मोडीत निघालेल्या गाडीचे भाग शोधले जातात. असा जुना भाग घेताना पृष्ठभागावरील पायरी नखाने तपासावी, बुश दंडावर घालून डुगडुग पाहावी व खाचांच्या टोकांशी खळगे आहेत का, हे पाहावे. पट्ट्याच्या बाबतीत केवळ लांबी जुळणे पुरेसे नसते. रुंदी व कडांचा कोनही जुळावा लागतो. कोन जुळला नाही, तर पट्टा कडेच्या एका रेषेवरच टेकतो व चार-पाचशे किलोमीटरांतच चकचकीत होऊन घसरू लागतो. नव्या पट्ट्यानेही तीच तक्रार उरल्यास तो काढून त्याच्या कडा प्रथम याच दृष्टीने पाहाव्यात.